पानाचं टोक

“बाई, माझ्या संप्रेरकातच काही खोट आहे का?”

श्रीनिवास गुरव दारातूनच विचारत होता. हातात कुंडी, कुंडीत तंबाखूचं रोप, चेहऱ्यावर राग.

कुमुदबाई लाटकर काचेच्या बाटल्या धूत होत्या. टेकडीवरच्या त्यांच्या प्रयोगशाळेला गावातले लोक मठ म्हणत. मठात तंबाखू चालायची ती एवढीच, कुंडीतली.

“संप्रेरक चांगलं आहे. झालं काय?”

“हे सायटोकायनिन संप्रेरक पेशींना विभागायला लावतं, सगळं जग सांगतं. पेशी वाढल्या की पान मोठं व्हायला हवं. दोनदा लावलं. पान ढिम्म!”

“आता?”

“तिसऱ्यांदा लावणार. या वेळी जमलं नाही तर संशोधनाचा विषय दुसऱ्याकडे जाईल, माझी सगळी मेहनत पाण्यात. पण पान मोठं केल्याशिवाय मी ही टेकडी उतरणार नाही.”

निश्चय खरा होता. बाईंना तो आवडला. आवाज मात्र जरा मोठा वाटला.

“लावलंस कुठे?”

“टोकाला. टोक पुढे जातं, म्हणजे वाढ तिथेच.”

बाईंनी हात पुसले, टाचणी शाईत बुडवली आणि नखाएवढ्या कोवळ्या पानावर देठापासून टोकापर्यंत ठिपके दिले... सारख्या अंतरावर.

“यावर लक्ष ठेव. तोवर बाटल्या धू.”

“मी? बाई, विद्यापीठात पहिला आलोय. सुवर्णपदक...”

“ते काढून ठेव. काचेला ओरखडे पडतात.”

धुसफुसत का होईना, त्याने बाटल्या धुतल्या. पान वाढत वाढत तळहाताएवढं झालं. एका सकाळी तो ते न्याहाळायला बसला आणि बराच वेळ उठलाच नाही.

देठाकडचे ठिपके एकमेकांपासून लांब गेले होते. टोकाकडचे मात्र जवळजवळच राहिले होते.

“बाई... टोक तर फारसं वाढलंच नाही.”

“नाही.”

“मग पुढे कसं गेलं?”

“खालच्यांनी ढकललं.”

“आणि मी तिथे...”

“थांबलेल्या पेशींना हाका मारत होतास. पान टोकाकडून थांबत येतं. देठाकडच्या पेशी शेवटपर्यंत विभागत राहतात.”

श्रीनिवासची मान खाली गेली. थोड्या वेळाने वर आली.

“पुन्हा पेरतो,” तो म्हणाला. “या वेळी देठाशी लावतो.”

पेरलं. लावलं. पानं अशी रुंद झाली की शेजारच्या कुंड्यांशी तुलना करायला मोजपट्टीही लागली नाही. विषय त्याच्याकडेच राहिला. मला विचाराल तर त्या दिवशी पोराला जरा मिरवू द्यायला हरकत नव्हती.

संध्याकाळी तो पेढे घेऊन आला. बाई मोरीपाशी स्टुलावर बसल्या होत्या, हात कोपरापर्यंत साबणात.

“बाई, एक मागू? बाटल्या धुवायचं काम आता नव्या मुलांना द्या. इथे माझ्यापुढे आता कोणी नाही.”

बाईंनी पेढा तोंडात टाकला. छान आहे, अशी मान डोलावली.

“आणि तुम्हीसुद्धा उठा ना,” तो जरा मायेनेच म्हणाला. “एवढं वय झालं, एवढं नाव झालं. या विषयात सगळ्यांच्या पुढे तुम्ही. तुम्हाला कशाला हवंय हे?”

बाईंनी बाटलीत ब्रश घातला. फिरवला. बाटली उजेडाकडे धरून पाहिली...

“मला अजून वाढायचंय.”