वर केलेला हात

“…मग सर, दर्जा आणखी कशाला म्हणायचं?”

डॉ. विश्राम खोतांनी लॅपटॉप पळसुले सरांच्या पुढ्यात सरकवला. गडहिंग्लजच्या याच ओसरीवर ते एके काळी पदार्थविज्ञान शिकायला येत. आता विद्यापीठाच्या ऑनलाइन शिक्षण विभागाचे प्रमुख म्हणून आले होते, आणि हे दारातच सांगून मोकळे झाले होते.

“नव्वद टक्के मुलं शेवटच्या धड्यापर्यंत टिकतात. परीक्षेत फटाफट उत्तरं देतात. सोमवारपासून सगळ्या कॉलेजांत माझाच कोर्स. वर्गातले तास बंद.”

“मग मास्तर काय करणार?”

“हजेरी घेतील.” खोत हसले.

सर हसले नाहीत. “माझ्याकडे काय काम काढलंस?”

“कोर्सच्या सुरुवातीला तुमची दोन वाक्यं हवीत. ‘हा माझा विद्यार्थी’ एवढं म्हणालात तरी पुष्कळ.”

हे बोलताना खोतांचा आवाज किंचित उतरला. पुरस्कार त्यांना बरेच मिळाले होते. सरांनी मात्र आजवर एकदाही शाबास म्हटलं नव्हतं.

“दाखव तर.”

पडद्यावर भोवरा गरगरू लागला. शेजारी कोट घातलेले खोत.

“फिरणारा भोवरा पडत नाही,” पडद्यावरचे खोत म्हणाले, “कारण कोनीय संवेग. कळलं ना?”

सरांनी हात वर केला. “नाही कळलं.”

“छान,” पडद्यावरचे खोत म्हणाले. “पुढे जाऊ.”

ओसरीवरचे खोत चपापले. “सर, हे आधी रेकॉर्ड केलेलं आहे.”

“असू दे की.” हात वरच राहिला.

पडद्यावर सूत्र आलं. रंगीत बाण आले.

“सोपं आहे, नाही का?”

“नाही रे बाबा.”

“उत्तम. पुढचा मुद्दा.”

…

“सर, हात दुखेल तुमचा.”

“खाली कधी करायचा असतो, ते सांग.”

खोतांनी व्हिडिओ बंद केला. आधी त्यांना हसू आलं, मग राग. ज्यांनी आपल्याला भोवरा शिकवला, त्यांनाच तो कळत नाही म्हणे! ठीक आहे. समजावू. शिकवण्यात आपला हात धरणारं विद्यापीठात आहे कोण?

त्यांनी सूत्र पायरीपायरीने उलगडून सांगितलं. सफाईदार, कुठेही न अडखळता.

“हे गणित झालं,” सर म्हणाले. “तो पडत का नाही?”

खोतांनी खिशातलं नाणं काढून फरशीवर फिरवलं. “हे बघा, भोवऱ्याचंच भावंड. उभं आहे ना? का, तर…”

“हं. का?”

“कारण याचा संवेग…”

“तो शब्द सोडून सांग.”

खोतांनी तोंड उघडलं. नाणं फिरत होतं. मग ते डगमगलं, फरशीवर खुळखुळलं आणि आडवं झालं. वाक्य काही पुरं झालं नाही.

“पुन्हा फिरवू का, सर?”

“फिरव हवं तितकं.”

त्यांनी फिरवलं. या खेपेला ते नुसते बघत राहिले… एखाद्याने पहिल्यांदाच बघावं तसे. नाणं पडल्यावरही त्यांची नजर फरशीवरच होती.

“आजवर मला हे कुणी विचारलं नाही, सर.”

“विचारायला थांबलास कुठे तू?”

…

आत कुकरची शिट्टी झाली. खोतांच्या कानांच्या पाळ्या तापल्या होत्या. सोमवार तोंडावर आला होता, आणि समोरच्या म्हाताऱ्याचा हात अजून वरच होता.

“मला माहीत नाही, सर,” ते अखेर म्हणाले. “इतकी वर्षं शिकवतोय. सूत्र येतं. पण तो का पडत नाही, ते मलाच नीट कळलेलं नाही.”

सरांनी हात खाली घेतला. त्यांचा चेहरा असा उजळला, की खोतांना मान वर करून बघावंच लागलं.

“हे कोर्सच्या सुरुवातीला घाल.”