भुईआवळ्याला आवतण

एका राज्यात हिरण्यकेतू नावाचा राजा होता. मांत्रिकाने शाप देऊन पुरलेलं सोनं त्याने खणून काढलं. जाणत्यांनी नको म्हटलं. पण ऐकतील तर ते राजे कसले? त्यातलाच एक गोठ त्याने हौसेने आपल्या लेकीच्या, इरावतीच्या, हातात घातला.

शाप साधा होता. त्या सोन्याला हात लागला की कावीळ. राजाचं पोट फुगलं, अन्न जाईना. काविळीने जग पिवळं दिसतं म्हणतात. राजाला ते सोन्याचं दिसू लागलं. भिंती सोन्याच्या, भात सोन्याचा. मरणाच्या दारात तो खूश होता. इरावतीचेही डोळे पिवळे पडले. दाई तुळजाने ते सांगितलं, तर राजा म्हणाला, "सोन्यासारखी तर दिसते पोर."

जिथून तो खजिना निघाला, त्या रानात इरावती उपाय शोधायला गेली. तिथे खजिन्याचा राखणदार हळद्या पक्षी बसला होता.

"उपाय आहे?"

"भुईआवळा. त्या वारुळापाशी एकच रोप उरलं आहे. सांजेला अक्षता-सुपारी ठेवून रोग्याच्या नावाने त्याला आवतण दे. सकाळी लोखंड न लावता मुळासकट उपट. आणि औषध पोटात जाईपर्यंत मुकी राहा."

"नावं दोन घेतली तर?"

"दोन घरचा पाहुणा उपाशी, राजकन्ये. गुण कोणालाच येणार नाही. दुसरं रोप पावसाळ्यात उगवेल, तोवर तू तगणार नाहीस. आपलं नाव घे."

सांजेला ती रोपापुढे बसली. तिला मरायचं नव्हतं. बापाचा तिला मनस्वी रागही होता. तरी तोंडून बापाचंच नाव गेलं.

सकाळी तिने नखांनी माती उकरून रोप काढलं. ताकात वाटताना तुळजा कळवळली, "निम्मं तुम्ही घ्या, बाईसाहेब." तिने नुसती मान हलवली.

"कडू आहे?" राजाने तोंड फिरवलं. तिला बोलता येईना. त्याने मातीची वाटी न्याहाळली. "वाटी मात्र सोन्याची," म्हणाला, आणि प्यायला.

खणणाराच बरा झाला, तशी खजिन्याची खडी झाली. भिंती पांढऱ्या झाल्या, भात पांढरा झाला. शाप सुटला, पण अंगात भिनलेलं विष ज्याचं त्यालाच उतरवावं लागतं. राजा हसत लेकीकडे वळला. सगळ्याला आपापला रंग आला होता. ती तेवढी पिवळी होती.

"हिला कधीपासून?"

"आपल्याला झाली तेव्हापासून," तुळजा म्हणाली. "मी सांगितलं होतं, महाराज."

इरावतीला आता बोलायची मोकळीक होती. "फार कडू होतं का, आबा?" तिने विचारलं.

पावसाआधीच ती गेली. शाप सरला, राज्य मार्गी लागलं. एवढ्यावर कहाणी गोड मानायची तर माना. राजा मात्र रोज सकाळी वेशीत बसतो आणि येणाऱ्या-जाणाऱ्याला थांबवतो. लोक म्हणतात, "आम्ही बरे आहोत, महाराज." तरी तो प्रत्येकाची पापणी खाली ओढून डोळा बघतो, मगच जाऊ देतो.