सोळाशेची रॅम आणि दहा झोके

पाकिटावर सोळाशे आणि पडद्यावर आठशे! आप्पासाहेब मंगसुळ्यांनी पाकीट हौसाच्या पुढ्यात टाकलं आणि म्हणाले, "माप निम्मं भरलं, पोरी. आता बोल."

हौसा बुरुडाची लेक. बाप टोपल्या विणायचा. हिने जुने कॉम्प्युटर उघडून-जोडून विद्या कमावली आणि बाजारपेठेतल्या एका गाळ्यात दुरुस्तीचं दुकान थाटलं. बाजारपेठ आप्पासाहेबांची, गाळे त्यांचे, म्हणून सगळं गाव त्यांना सरकार म्हणे. सरकारांना नाद एकच, बैलांच्या शर्यती. गुडघ्यांनी मैदानाची वाट बंद केली तेव्हापासून ते शर्यती कॉम्प्युटरवर बघत. पण यंत्र असं रेंगाळायचं, की बैल सुटेपर्यंत पुढ्यातला चहा गार! म्हणून हौसाने त्यात सोळाशेची नवी रॅम बसवली. रॅम म्हणजे यंत्राने हाताशी धरलेली आठवण. तिथून माल भराभर आला की यंत्र पळतं. बैल पळू लागले. सरकार खूश झाले.

पण दिवाणजी केरूनाना खूश नव्हते. तो गाळा त्यांना मेहुण्यासाठी हवा होता. शिवाय जुनं एक दुखणं होतंच. हौसाच्या आधी त्यांनी स्वतःच शहरातून एक स्वस्त रॅम आणली होती. ती निघाली दुसऱ्या जातीची, तिची खाच भलत्या जागी. खोबणीत बसेना, तर केरूनाना कानस घेऊन घासायला बसले! सरकारांनी हात धरला म्हणून यंत्र वाचलं. आता त्यांनी पडद्यावर यंत्राची कुंडली मांडली आणि सरकारांना बोट ठेवून दाखवलं: रॅमचा ठोका, आठशे.

हौसाने समजावून पाहिलं. आठशे हे ठोके, म्हणजे सेकंदाला ऐंशी कोटी. सोळाशे हे कामाचं माप. ही रॅम एका ठोक्यात दोनदा माल देते, म्हणून तिचं नावच डीडीआर, आणि त्यातला पहिला डी म्हणजे डबल.

"एका ठोक्यात दोन कामं?" सरकार म्हणाले. "माझ्या घड्याळात एक टोला पडला की एकच वाजतो. दोन वाजलेले मी अजून ऐकले नाहीत."

केरूनाना फिदीफिदी हसले. सरकारांनी तिथल्या तिथे निवाडा केला. "उद्या संध्याकाळी माझ्या डोळ्यांना दाखव. ठोका तसूभर वाढवायचा नाही, जास्तीचा माणूस लावायचा नाही, आणि ती इंग्रजी अक्षरं मधे आणायची नाहीत. जमलं तर गाळा तुझ्या नावावर. नाही तर परवा सकाळी चावी दिवाणजींच्या हातात."

"दाखवते, सरकार. पण ठोका कुठला धरायचा ते मी ठरवणार."

"धर की कुठलाही!"

हौसा निघाली ती ओसरीवरून. समोर सरकारांचा सागवानी झोपाळा, पितळी कड्यांचा. सरकार रोज संध्याकाळी त्यावर बसूनच भजी खात, आणि झोपाळा क्षणभरही थांबवत नसत. डॉक्टरांनी तेलकट कमी करा म्हटल्यापासून बाईसाहेबांनी कायदा केला होता: दहा झोके झाले की ताट आत. म्हादू गडी पुढच्या टोकाला ताट घेऊन उभा राही. झोपाळा पुढे आला की एक भजं हातावर. मागे गेला की सरकारांचा हात रिकामा, तोंड रिकामं.

हौसा थबकली. बापाबरोबर टोपल्या पोचवताना ती लहानपणीच शिकली होती, की जातानाची खेप सगळेच भरतात. पोट भरतं ते परतीच्या खेपेवर. ती उलट पावली स्वयंपाकघरात गेली आणि आचाऱ्याच्या नि म्हादूच्या कानात काहीतरी सांगून आली.

दुसऱ्या दिवशी सरकार झोपाळ्यावर बसले. बाईसाहेब दारात झोके मोजायला उभ्या. केरूनाना चावीसाठी हात चोळत.

झोपाळा पुढे आला, म्हादूने भजं दिलं. झोपाळा मागे निघाला, तसा म्हादूही बाजूने दोन पावलं मागे सरला आणि मागच्या टोकाला दुसरं भजं! सरकारांनी भुवई उंचावली, पण तोंड भरलेलं, बोलणार कसे? पुढे भजं, मागे भजं. झोपाळ्याची गती रोजचीच, कड्यांची कुरकुरही रोजचीच.

"दहा," बाईसाहेब म्हणाल्या आणि ताट उचललं.

"झोके दहा," हौसा म्हणाली, "आणि भजी, सरकार?"

सरकारांनी मनातल्या मनात हिशेब केला. "वीस."

"झोका वाढला? गडी वाढला?"

सरकारांनी नकारार्थी मान हलवली. केरूनानांना राहवेना. म्हणाले, म्हादू दुप्पट वेगाने देईल, पण आचारी एकच, तो दुप्पट तळणार कसा? शंका रास्त होती.

"कढई तीच, जाळ तोच," हौसा म्हणाली. "फक्त झारा एकेक भजं आणायचा, तो आज जोडीने आणतो. आता अक्षरं सांगू का, सरकार? जुन्या रॅमचा झारा एकेरी. पहिल्या डीडीआरचा दोनाचा, डीडीआर टूचा चाराचा, आणि तुमच्या यंत्रातल्या डीडीआर थ्रीचा आठाचा. हातावर मात्र झोक्याला दोनच. तुमच्या पडद्यावर दिवाणजींनी झोके मोजले. पाकिटावर भजी लिहिली होती."

सरकार असे हसले, की पितळी कड्या खुळखुळल्या. "केरूनाना, गाळ्याचा कागद करा. हौसाच्या नावाने. आणि त्या कानशीने तुमची लेखणी घासा आधी!"

एवढ्यात बाईसाहेब रिकामं ताट घेऊन पुढे आल्या. "उद्यापासून झोके पाच."

सरकारांचं हसू मावळलं. त्यांनी केविलवाण्या नजरेने हौसाकडे पाहिलं.

हौसा हळूच म्हणाली, "सरकार, म्हादूला दोन हात आहेत."