यंत्राची कसम

जमातीतल्या कोणत्या गरीब घरांना जकातीची मदत जाते, हे जमातीचे प्रमुख म्हणजे सदर आणि मौलाना सोडून कुणाला कळू नये, असा त्या खाडीकाठच्या गावाचा रिवाज. तीच नावं एका सकाळी गावभरच्या मोबाइलवर फिरली. दोन विधवांनी लाजेने दाराला कड्या लावून घेतल्या.

सदर इस्माईल मुकादमांनी लगेच जमातीच्या संगणकात नावं फोडणारा चोर शोधणारं एआय बसवलं. त्याने मदरशात संगणक शिकवणाऱ्या सुमैय्याचं नाव सांगितलं. जमातखान्यात तिला सगळ्यांसमोर उभं केलं. मागे बसलेल्या आईचे ओठ नुसते हलत होते.

"मी नाही केलं. कुराणावर हात ठेवून सांगते."

"तुझी कसम नको," सदर गरजले. "यंत्राने साक्ष दिलीय आणि यंत्र चुकत नाही. उद्यापासून मदरशात पाऊल टाकायचं नाही!"

सुमैय्याने ओढणी घट्ट धरली.

"सदरसाहेब, साक्ष देणाऱ्यानेही कसम खायला हवी. यंत्राला हातपाय धुऊन, वुजू करून कुराणाला हात लावता येत नाही, आणि चुकलं तर अल्लाहला जाबही द्यावा लागत नाही. तुमची एवढी खात्री आहे, तर त्याच्या वतीने तुम्ही कसम खा."

"खातो की! त्यात काय?" सदर तावातावाने वुजूच्या हौदाकडे गेले. बराच वेळ पाण्याचा आवाज आला नाही. परतले तेव्हा त्यांच्या बाह्या कोरड्याच होत्या.

"बेटी," ते हळूच म्हणाले, "उद्या वेळेवर ये."

यंत्र अजूनही सुमैय्याचंच नाव सांगतं. कसम खायला मात्र कुणी पुढे येत नाही.