म्हातारीचे केस आणि वडा

वड्यापासून वाघापर्यंत सगळ्यांची भाषा मला येते. वाघाची नाही येत, पण वड्याची येते.

माझे सगळे दात जागेवर होते तेव्हाची गोष्ट. वॉटर पार्कच्या स्टॉलवर गुलाबी 'म्हातारीचे केस' बटाटेवड्यावर खेकसले, "ए मुठीएवढ्या, मागं हो! पुढं आम्ही थोर बसणार."

"मागं गार झालो, तर मला खाईल कोण?" वडा कळवळला.

तेवढ्यात घसरगुंडीवरून एक खरीखुरी म्हातारी निथळत आली आणि वडा घ्यायला वाकली. तिच्या केसांतलं पाणी त्या गुलाबी केसांवर टपटपलं. बघता बघता थोरांची सुपारीएवढी गोळी उरली!

"अगं आई गं!" गोळी किंचाळली. "माझं एवढं मोठं अंग गेलं कुठं?"

म्हातारीच्या हातातून वडा म्हणाला, "थोरले, पण ते होतं कुठं?"