ठकूबाई घाटात बसली

फार वर्षांपूर्वी, तांबडीच्या घाटाला गाडीवाट नव्हती तेव्हाची ही गोष्ट आहे. खाली खाडीकाठी मीठ पिकायचं आणि वरच्या पेठेत ते बायकांच्या डोक्यावरून जायचं. डोक्यावर चुंबळ, चुंबळीवर मिठाची गोण आणि समोर उभी चढण. त्या बायकांत ठकूबाई नावाची एक होती. तीस वर्षांत तिने वाटेत एकदाही गोण खाली ठेवली नाही, असं म्हणतात. हे सांगताना लोकांचा ऊर भरून येतो. माझं मात्र डोकं फिरतं. का ते ऐका.

भरली गोण एकटीला डोक्यावर घेता येत नाही. कोणीतरी हात द्यायला लागतं. एकीने गोण खाली ठेवली, तर तिला हात द्यायला दुसरीने आपली ठेवायची, आणि मग त्या दुसरीला कोण देणार? म्हणून कोणी ठेवायचीच नाही, अशी रीत पडली. दाजीबा मुकादमाने तर हुकूमच काढला होता की वाटेत जी बसेल तिला कोणी हात द्यायचा नाही. पण एकट्या मुकादमाला काय बोलायचं? तो खाली सावलीत असायचा. घाटात पहारा बायकाच एकमेकींवर ठेवायच्या. एखादी चुकून टेकली, की पाणवठ्यावर तिला ‘बसकी’ म्हणायचे, आणि ते नाव तिला मरेपर्यंत चिकटायचं. त्यात सगळ्यात मोठ्याने हसायची ती ठकूबाई.

तिच्या सुनेचं नाव येसू. येसूला मुलगी झाली आणि विसाव्या दिवशी ठकूबाईने तिच्या डोक्यावर गोण दिली. मी तर बाराव्या दिवशीच चढले होते, असं ती सगळ्यांना सांगत सुटली. आपण जे सोसलं ते दुसरीनेही सोसावं, ही कसली हौस असते माणसाला, मला कळत नाही.

तिसऱ्या वळणावर येसूने विचारलं, “आत्याबाई, वाईच टेकू का?”

“वर गेल्याव टेक,” ठकूबाई म्हणाली. “हितं कोन उचलून देनार हाय तुला?”

येसू चालत राहिली. चौथ्या वळणावर तिचे गुडघे मोडले आणि गोण तिच्यावरच कोसळली. ठकूबाईने आपली गोण भिरकावून दिली आणि तिला ओढून बाहेर काढलं, तोवर येसू गेली होती. तीस वर्षांत ठकूबाईची गोण पहिल्यांदा खाली आली ती अशी. मुकादम धापा टाकत वर आला आणि त्याने पहिला प्रश्न केला तो हा, की मीठ किती सांडलं.

ठकूबाईच्या डोळ्यांतून टिपूसही आलं नाही, असं म्हणतात. साफ खोटं आहे. ती तेरा दिवस रडली, आणि चौदाव्या दिवशी नातीला पाठीशी बांधून कामावर आली. गोण घेतली, घाट चढली आणि चौथ्या वळणावर पोहोचल्यावर तिने वाटेच्या मधोमध गोण ठेवली. गोणीला टेकून ती खाली बसली.

मागची रांग थांबली. बायकांनी विचारलं, ताप आहे का, पायात काटा गेला का, सुनेची आठवण आली का. ती नाही म्हणाली. मुकादम आला आणि त्याने दरडावून विचारलं की मग झालंय तरी काय.

“काय बी झालेलं न्हाई,” ठकूबाई म्हणाली. “दमले, म्हनून बसले.”

मुकादम रागाने लाल झाला आणि स्वतःच तिची गोण उचलायला गेला. गोण हलेना. त्याने चार गडी बोलावले, तरी हलेना. मग बैल आणले तर दोर तुटले. बघता बघता गोण दगडाची झाली आणि वाढत वाढत बाईच्या छातीइतकी उंच होऊन थांबली, असं म्हणतात. तेव्हा मागच्या बाईने आपली गोण डोक्यावरून त्या दगडावर सरकवली. कोणाचा हात लागला नाही. दम खाल्ला आणि तशीच परत डोक्यावर ओढून घेतली. तेव्हाही कोणाचा हात लागला नाही. मग ती पुन्हा दगडावर ठेवून तीही बसली. एकेक करत सगळ्या बसल्या.

सात दिवस मीठ वर गेलं नाही. पेठेतल्या मोठमोठ्या घरांत अळणी आमटी शिजली. शेवटी पेठेतले व्यापारी घाट उतरून आले, बायकांपुढे उभे राहिले आणि त्यांना वाटेत बसू द्यायला कबूल झाले. आठव्या दिवशी ठकूबाई उठली. त्यांनी सांगितलं म्हणून नाही, तिचा थकवा गेला म्हणून.

आता नवे सांगणारे काय सांगतात? ठकूबाईच्या अंगात देवी आली होती, म्हणून ती बसली. कोणी म्हणतं, तिने सुनेसाठी व्रत धरलं होतं. अरे, बाई नुसती दमली म्हणून बसली, एवढं तुमच्या तोंडून का निघत नाही? दगड वाढला ते तुम्हाला पटतं, आणि हे पटत नाही?

तो दगड अजून तिथे आहे. बाजूने आता डांबरी सडक जाते. जीपवाले तिथे गाडी बंद करून पाच मिनिटं उतरतात. आमच्या गावात बसलेल्या माणसाला “का बसलास?” असं विचारत नाहीत. आणि नवी नवरी उंबरा ओलांडायच्या आधी त्या दगडापाशी आणतात, तिला बसवतात, आणि सासूने सगळ्यांसमोर उभं राहून म्हणायचं असतं, “दमलीस की बस. मी कारण विचारणार नाही.” नवरी आपणहून उठेपर्यंत वरात हलत नाही.

माझ्या सासूबाई ते पुटपुटल्या, तेव्हा गावाने त्यांना तीनदा म्हणायला लावलं. मी त्या दिवशी अजिबात दमले नव्हते. तरी ऊन उतरेपर्यंत बसून राहिले.