न संपणारी चटई

एका राज्यात वाटा पुष्कळ होत्या, पण कुठलीच वाट कुठे पोचत नव्हती. आचारी विहिरीवर निघे आणि घोडशाळेत पोचे. पुरोहित देवळाकडे निघे आणि न्हाव्यापुढे जाऊन बसे. प्रधानजी पुढच्या दाराने बाहेर पडत आणि मागच्या दाराने आत येत. बायको विचारी, "आज लवकर आलात?" प्रधानजी म्हणत, "मी गेलो होतो का?"

साऱ्या राजधानीला चकवा लागला होता.

सर्वांत मोठा चकवा लागला होता राजा सुबाहूला. दरबारात वेळूची नवी चटई अंथरली होती. बारीक कांबींची, पाण्यासारखी मऊ. राजाने तिच्यावर पाऊल ठेवले आणि तो सिंहासनाकडे निघाला. अजून तो चालतच होता. चटई चार पावलांची, पण राजाला तिची कड सापडेना. बाहेरून कोणी अन्न पुढे केले, तर हात पोचेना. राजा वाळत चालला होता.

अशा वेळी राजकन्या वल्लरी दूरदेशीचे शिक्षण पुरे करून परतली. वेशीतून शिरली ती सरळ दरबारात पोचली. सगळे थक्क झाले.

"बाबा, थांबा ना!" ती म्हणाली.

"थांबलो तर चटई चालते, पोरी," राजा धापा टाकत म्हणाला.

वल्लरीने भांडाऱ्याला विचारले, "ही चटई कोणी विणली?"

"डोंगरातून आली, राजकन्ये. हुकूम पाठवला, उचलून आणली."

"विणणाऱ्याचे नाव?"

भांडारी गोंधळला. "त्यांना नावे असतात?"

कमानीवर बसलेली टिटवी खदखदा हसली. "नाव त्या विणणारीलाच विचार. वेळूबनात जा. चटईचे मोल तीनदा विचार, आणि दर वेळी ती देईल ते घे. तरच तुझा बाप सुटेल."

"पण इथे सर्वांना चकवा लागलाय. मी कशी पोचणार?"

"तुला इथली एक तरी वाट ठाऊक आहे का?"

"नाही. मी फार लहानपणी गेले."

"मग तू चुकणार तरी काय?" टिटवी म्हणाली आणि उडाली.

वल्लरी निघाली. वेळूबनाला राजाने कुंपण घातले होते, दाराला कुलूप होते. मात्र कुंपणाखालून एक चटई बाहेर आली होती. ती डोंगरावरून ओढ्यासारखी वाहत खाली उतरली होती. वल्लरी कुंपण ओलांडून चटईवरूनच वर चढली. चटई एका झोपडीत शिरत होती. आत एक बाई विणत होती. तिच्या हातातली कांब आपोआप लांबत होती.

"मावशी, तुमचे नाव काय?"

"जिवली. चटईवरून उतर, ओली आहे."

"दरबारातल्या चटईचे मोल काय?"

 जिवलीने नाचणीची भाकरी पुढे ठेवली. वल्लरीला काही कळेना, पण तिने खाल्ली.

"मावशी, मोल काय?"

जिवलीने कोयता दिला. "कांब सोल." वल्लरीने सोलली. कांब कुठे जाड, कुठे पातळ निघाली आणि बोट कापले. जिवली म्हणाली, "छान! याने शेळीसुद्धा बांधता येणार नाही."

वल्लरीचे डोळे भरून आले. एवढे कष्ट, आणि हिला कोणी नावाने ओळखत नाही! ती उठली आणि आवेशाने म्हणाली, "मावशी, मी दहा गाड्या सोने देते! रेशमी वस्त्रे देते! तुम्हाला पुन्हा कधी काम करावे लागणार नाही!"

जिवलीचा हात थांबला. "मी भीक मागितली का ग तुझ्याकडे?"

तत्क्षणी झोपडी नाहीशी झाली. भोवती नुसते वेळू, सगळे सारखे. वल्लरी धावली, जिथून निघाली तिथेच आली. आता तिलाही चकवा लागला होता. आपल्याच पावलांचा आवाज तिला वडिलांच्या पावलांसारखा वाटू लागला. मी तर भले करायला आले होते, मग चुकले कुठे? तिला उमजेना. दमून ती खाली बसली. टिटवीने काय सांगितले होते? तीनदा विचार. आणि तिसऱ्या वेळी मी काय केले?

"मावशी," ती वेळूंना म्हणाली, "मी विचारलेच नाही. मीच मोल सांगितले. आता विचारते. तुमच्या चटईचे मोल काय?"

"मिठाच्या दोन गोण्या, एक कोयता, आणि वेळूबनाचे दार उघडे." जिवली तिथेच बसली होती, हातभर अंतरावर.

"एवढेच?"

"एवढेच. कमी नाही, जास्त नाही."

"मीठ आणि कोयता मी देते. बनाचे दार मात्र बाबांच्या हातात आहे."

"मग बाबाकडे चल."

दोघी दरबारात आल्या. जिवली चटईच्या कडेशी बसली. एका जागी सोन्याच्या धाग्याने शिवण घातली होती.

"राजा, हे कोणी शिवले?"

"मीच शिवून घेतले," राजा चालता चालता म्हणाला. "भोक होते तिथे. राजाच्या चटईला भोक शोभते का?"

"भोक नव्हे रे बाबा, वाट होती. आम्ही विणताना बोटभर वाट ठेवतो. मोल ठरले, घेणारा आमच्यात जेवला, की विणणारी आपल्या हाताने ती मिटवते. मग तिचे हात त्या चटईतून सुटतात. तू न विचारता शिवलीस. माझे हात आत कोंडले, माझी चटई संपेना. आणि तूही आत कोंडलास, तुझ्या राजधानीच्या वाटाही हरवल्या."

राजाने चालता चालता मान वळवून प्रथमच तिच्याकडे पाहिले. मग म्हणाला, "तुझे नाव काय, बाई?"

"जिवली."

"जिवलीबाई, तुझे मोल मान्य. बनाचे कुलूप आजच निघेल."

जिवलीने नव्या कोयत्याने सोन्याचा धागा कापला. त्या बोटभर वाटेतून राजा सुबाहू बाहेर आला आणि म्हणाला, "भाकरी आहे का कुठे?" जिवलीने कमरेची शिदोरी सोडली. राजा तिच्यासमोर जमिनीवर बसून जेवला. मग जिवलीने दोन कांबी वळवून वाट मिटवली.

त्याच घटकेला आचारी विहिरीवर पोचला, पुरोहित देवळात पोचला, आणि प्रधानजी पहिल्यांदाच घरी उशिरा आले.

डोंगरात परतल्यावर जिवलीच्या हाताला कड आली. न संपणारी चटई संपली. तोवर ती झोपडीपासून राजधानीपर्यंत आली होती, ती तशीच अंथरलेली राहिली. ज्याला चटई हवी, तो तिच्यावरून अनवाणी वर जातो, आधी नाव विचारतो, भाकरी खातो, मग मोल विचारतो. वाटेत कोणी चुकत नाही.